पाण्याखालचा कोर्स

१५ जानेवारी, रविवार

हात वर केला! माझाच हात — आणि मला कळायच्या आत वर गेला.

शाळेच्या हॉलमध्ये आज राजधानीहून, मालेहून, रिसॉर्टवाल्यांच्या संघटनेची माणसं आली होती. बेटावरच्या बायकांसाठी फुकट कोर्स, समोरच्याच रिसॉर्टवर. सकाळी होडी नेणार, संध्याकाळी परत आणणार. रात्री तिथं राहायचं नाही, हे त्यांनी मागे बसलेल्या आयांकडे बघून पुन्हा पुन्हा सांगितलं. खोल्या आवरणं, स्वयंपाकघर, पाहुण्यांचं स्वागत — भराभर हात वर झाले. मग तो टायवाला म्हणाला, "आणि पाण्यातलं काम. पाहुण्यांना प्रवाळ दाखवायला आमच्याकडे सगळे बाहेरचे. कुणी जर्मन, कुणी जपानी. आपल्या समुद्रात परक्यांनी वाट दाखवायची, हे बरं दिसतं का?"

एकही हात नाही. माझा हात वर.

शेजारी नाशिदा बसली होती. मला बघून तिनंही केला. ती बावीसची, तिचं काय! मी चौतीसची. दोन नवरे सोडलेली, चहाच्या दुकानाला माशाच्या करंज्या तळून देणारी. टायवाल्यानं नाव विचारलं तर मी "शाहुदा" इतकं हळू म्हटलं की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

आईला अजून सांगितलेलं नाही.

१६ जानेवारी

सांगायची गरजच पडली नाही. आमच्या बेटावर बातमी माणसाच्या आधी घरी पोचते.

"पाण्यात?" आई म्हणाली. हातातला झाडू तसाच. "खोल्या झाड, भांडी घास, मी एक शब्द बोलणार नाही. पण पाण्यात? एक बसलाय ना अंगणात! तेवढ्यानं भागलं नाही तुझं?"

बाबा अंगणात दोरीच्या खुर्चीत होते. ऐकलं त्यांनी. न ऐकून जातात कुठे? मी शाळेत होते तेव्हा ते पाठीवर टाकी बांधून समुद्रकाकड्या काढायला जायचे — तळाशी लोळणारे ते मऊ जीव, चिनी व्यापारी घ्यायचे. एक दिवस असेच वर आले, आणि दुपार कलायच्या आत कमरेखाली काही उरलं नाही. समुद्रानं पाय घेतले, असं आम्ही म्हणतो. तेव्हापासून ते समुद्राबद्दल अवाक्षर काढत नाहीत. भिंतीपलीकडे लाटा वाजतात, आणि ते शेवग्याच्या झाडाकडे बघत बसतात.

मी म्हटलं, "शिकवणार आहेत ते."

"समुद्र कुणाला शिकवत नाही," आई म्हणाली आणि अंगण झाडायला लागली. झाडलेलंच अंगण.

१७ जानेवारी

आई बोलत नाही. उद्या होडीत बसणार.

१८ जानेवारी

होडी रफीऊमामाची! संघटनेनं त्यालाच काम दिलंय. आईचा सख्खा, एकुलता भाऊ — आणि आमच्या घरी पाऊल टाकत नाही. ईदलासुद्धा नाही. का, ते कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नाही. लहानपणापासून आहे तसंच आहे, तेव्हा त्यात नवल ते काय. सगळ्या बायकांना हात देऊन चढवतो, मला हात देताना दोराकडे बघतो.

आयुष्यभर समोर दिसणारं बेट. संध्याकाळी त्याचे दिवे लागले की आम्ही आमचे लावायचे. आज पहिल्यांदा त्यावर पाय ठेवला. वाळू आमच्यासारखीच आहे! उगाच वाटलं होतं की वेगळी असेल.

आम्हाला शिकवणारी बाई आहे. शिऊना मिस. पार दक्षिणेकडच्या फुवामुला बेटाची — बोलते तेव्हा निम्मं कळत नाही, नाशिदा तोंड दाबून हसते. मिसनं ते पाहिलं. म्हणाली, "हसून घे. खाली कुणालाच बोलता येत नाही, तिथं माझी भाषा तुझ्याएवढीच शुद्ध."

काळा रबरी पोशाख दिला, डोक्यावर टोपडं असलेला. घरी आल्यावर आईला ऐकू जाईल अशा आवाजात बाबांना सांगितलं, "बुरख्यापेक्षा जास्त झाकतो." आईनं भांडं आपटलं. म्हणजे ऐकलं.

२४ जानेवारी

कसं लिहू?

आज खाली गेले. आधी इतके दिवस नुसतं कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसून श्वास घ्यायचा सराव चालला होता. आज मिसनं हाताला धरलं आणि वाळू संपते तिथं, जिथं निळं एकदम गडद होतं, तिथं नेलं. मी खाली पाहिलं.

मी या समुद्राच्या कडेला जन्मले. त्याच्यातलं खाल्लं, त्याच्या वाऱ्यानं घराचे पत्रे उडालेले पाहिले. आणि मला ठाऊकच नव्हतं! कुणी सांगितलंच नव्हतं की खाली भिंत आहे — उभी, खोल, जिवंत भिंत, आणि तिच्यावर जांभळं, पिवळं, शेंदरी काय काय फुललेलं. पोपटमासे प्रवाळ खातात त्याचा आवाज येतो. कुडुम कुडुम! दाताखाली खडीसाखर फोडावी तसा. म्हणजे समुद्र मुका नाही. आपण वर असतो म्हणून वाटतो.

एक कासव माझ्या अंगावरून गेलं. घाई नाही, भीती नाही. माझ्याकडे एकदा बघितलं, म्हातारी शेजारीण बघते तसं — आलीस होय?

वर आल्यावर रडले. नाशिदा पण रडली. मिस म्हणाली, "डोळ्यांवरच्या काचेत रडू नका, दिसायचं बंद होतं."

घरी येऊन कुणाला सांगू? आई भाकऱ्या थापत होती. बाबा शेवग्याकडे बघत होते. केसांना मीठ लागलेलं तसंच ठेवून इथं लिहितेय.

२९ जानेवारी

खुणा शिकतोय. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे — 'वर चला'. हात गळ्यावरून फिरवला की 'हवा संपली'. मिस म्हणाली, जगातल्या कुठल्याही समुद्रात जा, हीच खूण. मी विचार करत राहिले. कुठली कुठली माणसं, एकमेकांना कधी न पाहिलेली — आणि सगळ्यांनी बसून ठरवलं की गळ्यावरून हात फिरवला तर समोरच्यानं धावून यायचं.

मिसचं एक वाक्य: "पाहुण्याला मासे दाखवणं हे आपलं काम नाही. मासे दिसतातच. पाहुण्याला घरी परत पाठवणं, हे काम."

२ फेब्रुवारी, गुरुवार

आज वर्गात मिसनं सोड्याची बाटली आणली. "खोल पाण्यात घेतलेली हवा रक्तात अशी मुरते. दिसते का? नाही." मग बाटली हलवली आणि झाकण उघडलं. फस्सकन फेस! नाशिदाच्या तोंडावर. सगळ्या खदखदून हसल्या. "घाईनं वर आलात की रक्तात हे होतं," मिस म्हणाली. "सावकाश आलात तर काही होत नाही. मध्ये थांबायचं, श्वास घ्यायचा, मग वर. घाई केली तर कधी हात जातात, कधी पाय, कधी माणूस."

मी हसत नव्हते. फेस टेबलावरून खाली ठिबकत होता.

कधी पाय.

समुद्रानं घेतले नाहीत मग! घाईनं घेतले. एवढी साधी गोष्ट — बाटली हळू उघडायची — कुणी बाबांना सांगितली असती तर? आज संघटना आहे, कोर्स आहे, दुखलं तर जवळच्या बेटावर रक्तातला फेस जिरवणारी दाबाची खोली आहे. त्या वेळी एक मालक, चार टाक्या आणि 'जा खाली'. इतका राग आला की परतताना रफीऊमामानं हात पुढे केला तो मी घेतलाच नाही. त्याचा काय दोष? पण घेतला नाही. तोही बाबांबरोबर जायचा ना तेव्हा. त्यालाही कुणी सांगितलं नसेल.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

धुऊन सुकवायला म्हणून मिसनं श्वासाच्या नळ्या घरी न्यायला दिल्या होत्या. आई मशिदीजवळच्या शेजारणीकडे बाळंतिणीला बघायला गेलेली. मी अंगणात दोरीवर नळ्या टांगत होते.

"आण इकडे," बाबा म्हणाले.

मी चपापले. आणून दिल्या. ते बोटांनी चाचपत राहिले. आंधळा नातवाचा चेहरा चाचपेल तसे. मग पिवळ्या नळीशी थांबले.

"ही दुसरी कशाला?"

"दुसऱ्यासाठी," मी म्हटलं. "बरोबरच्याची हवा संपली तर त्याला द्यायची. आता प्रत्येकाच्या अंगावर दोन असतातच. नियम आहे. पिवळी असते म्हणजे घाबरलेल्यालाही दिसते."

बाबांनी ती पिवळी नळी तोंडाशी नेऊन बघितली. मग म्हणाले, "कुणाच्या डोक्यात आलं असेल गं हे?" असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. लहान मुलासारखा. "माणूस पाण्यात उतरताना दुसऱ्याचा श्वास बरोबर घेऊन उतरतो... वा! वा!"

आणि मला वाटलं आता सांगावं. सोड्याच्या बाटलीचं सांगितलं. म्हटलं, "बाबा, तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं."

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी बसले.

"एक इटालियन यायचा तेव्हा. त्यानं वाळूत चित्र काढून शिकवलं होतं — हळू, हळू. मी नेहमी हळूच यायचो. त्या दिवशी रफीऊ माझ्याबरोबर होता. पोरगाच तो, नुकता उतरलेला. मी सकाळपासून खाली-वर करत होतो. तो माझ्याकडे पोहत आला, डोळे असे! हवा येईना त्याला. माझी नळी दिली — एक घोट त्याला, एक मला. दुसऱ्या घोटाला त्यानं ती सोडलीच नाही. घाबरलेला माणूस सोडत नाही, त्यात त्याची चूक नाही. मग काय करणार? धरला काखेत आणि सरळ वर."

नळी त्यांनी माझ्या हातात दिली.

"आईला बोलू नकोस. तिला एकच भाऊ आहे."

५ फेब्रुवारी

सकाळी होडीत मामाजवळ जाऊन बसले. थर्मासमधला चहा ओतून पुढे केला. तो सुकाणू धरून कपाकडे बघत राहिला.

"भावोजींनी सांगितलं," तो म्हणाला. विचारलं नाही. नुसतं म्हणाला.

"हो."

"ते मला कधी काही बोलले नाहीत. एकदा तरी शिवी घातली असती तर मी आलो असतो घरी." चहा घेतला त्यानं. निम्मा सांडला. "ते माझ्याकडे बघून हसतात गं. त्या हसण्यासमोर बसवत नाही."

उतरताना त्याचा हात धरला. दोन्ही हातांनी.

९ फेब्रुवारी

पाकट पाहिलं — तो चपटा, पंखांचा मासा! मोठं, आमच्या अंगणाएवढं. डोक्यावरून गेलं आणि ऊन गेलं. पोटाखालून पांढरंशुभ्र, पंख असे की हलतात कधी ते कळूच नये. आम्ही पाचजणी वाळूवर गुडघे टेकून, माना वर करून. मशिदीत असते तशी शांतता. अल्लानं हे कुणासाठी केलं असेल, जर कुणी बघतच नव्हतं?

संध्याकाळी बाबांना दोन्ही हात पसरून दाखवलं. "एवढं?" "नाही बाबा, त्याहून मोठं." "मग अजून पसर!" ते हसत होते. आई आतून म्हणाली, "तिला अजून हात फुटणार आहेत का?" माझ्याशी नव्हे, भिंतीशी. तरी — बोलली!

१६ फेब्रुवारी

नीट आठवून लिहायचंय. हात अजून जड आहेत.

आज खोलवरची परीक्षा. नाशिदा आणि मी जोडी, मिस पुढे, बाकीच्या तिच्यामागे. भिंतीच्या टोकाशी प्रवाह जोरात होता. एकदम ओढ आली आणि नाशिदा प्रवाळावर आदळली. तोंडातली नळी सुटली. ती शोधायची कशी, हे तिला शंभरदा शिकवलेलं. पण डोळे बघितले मी तिचे. शिकवलेलं सगळं पुसलं गेलं होतं त्या डोळ्यांतून. तिनं वर बघितलं आणि लाथा मारायला लागली. वर. सरळ वर.

मी तिचा पट्टा पकडला. तिनं मला लाथ मारली, काच सरकली, डोळ्यांत पाणी. सोडलं नाही. पिवळी नळी तिच्या तोंडात कोंबली. कोंबलीच म्हणायची. तिनं एक श्वास घेतला. मग दुसरा. माझी माझ्या तोंडात, तिची तिच्या तोंडात. दोघींना पुरेल एवढी हवा! मग तिला छातीशी धरलं, आणि आम्ही सावकाश निघालो. ती वर ओढत होती, मी खाली. मध्ये थांबायचं तिथं थांबलो. तिनं गळ्यात नखं रुतवली माझ्या. मी तिच्या डोळ्यांत बघत राहिले आणि बोटानं श्वास मोजून दाखवत राहिले — घे, सोड. घे, सोड. मिस शेजारी आली, पण तिनं हात लावला नाही. नुसती बरोबर राहिली.

वर पाण्याचा पत्रा चमकत होता. आणि तिथून कुणीतरी ओरडत होतं. शब्द कळत नव्हते, नुसता घोगरा आवाज. डोकं बाहेर काढलं तेव्हा कळले. रफीऊमामा होडीच्या कडेवर पालथा पडून पाण्यात ओरडत होता, "सावकाश! सावकाश ये गं! सावकाश!"

त्यानं आधी नाशिदाला वर घेतलं, मग मला. मग होडीच्या तळाशी बसला आणि तोंड झाकून घेतलं.

मिसनं आम्हाला प्राणवायू लावला, डॉक्टरनं तपासलं. काही नाही. दोघी ठणठणीत. संध्याकाळी मी माझ्या पायांनी धक्क्यावर उतरले, आणि उतरताना खाली बघितलं. पायांकडे. हे चालतात! एकामागून एक पडतात! किती नवलाची गोष्ट आहे ही, आणि आपण रोज नुसतं चालतो.

१६ फेब्रुवारी, पुन्हा

बातमी अर्थातच आधी पोचली होती. आई दारात. मला वाटलं, आता संपलं, कोर्स संपला. तिनं माझ्या गळ्यावरचे ओरखडे बघितले. आत जाऊन खोबरेल तेल आणलं, लावलं. खोबऱ्यात कालवलेला मासा, मासहुनी, आणि भाकरी पुढे ठेवली. मी खाताना समोर बसून राहिली.

एवढंच विचारलं: "हळू आलात?"

"हळू आलो, आई."

२० फेब्रुवारी

नाशिदा म्हणाली सोडते. मिस तिच्या घरी गेली, तिच्या आईशी बोलली. फुवामुलाच्या भाषेत काय बोलली कोण जाणे! आज नाशिदा होडीत होती. फिकट, पण होती. मला म्हणाली, "नखं कापलीत मी."

२ मार्च, गुरुवार

आज समारंभ. संघटनेचे लोक आले, टायवालाही. आमचं नाव पुकारून प्रत्येकीला काळा शर्ट दिला, मागे लिहिलेलं — वाटाड्या. रविवारपासून कामावर. पहिले पाहुणे कोरियाचे, म्हातारा-म्हातारी. माझ्यावर सोपवलेत!

टायवाल्यानं भाषणात सांगितलं की पुढच्या वर्षी अजून बेटांवर हा कोर्स नेणार. शिऊना मिस पुढच्या बेटावर चालली. मी विचारलं, "मिस, तुम्हाला प्रत्येक वेळी नव्या बायकांना पहिल्यांदा खाली नेताना कंटाळा नाही येत?" ती म्हणाली, "त्यांचे डोळे बघते ना मी. मासे बघून झालेत माझे."

गर्दीत शेवटच्या रांगेत आई होती. मी येऊ नकोस म्हटलं नव्हतं, ये पण म्हटलं नव्हतं. टाळ्या वाजवत नव्हती. संपल्यावर जवळ आली, हातानं शर्टाची घडी नीट केली माझ्या खांद्यावर, आणि समुद्राकडे बघत राहिली.

३ मार्च, शुक्रवार

नमाजानंतर आई उठली आणि रफीऊमामाच्या घरी गेली. मनगटाला धरून त्याला आमच्या अंगणात आणलं, बाबांच्या खुर्चीसमोर उभं केलं.

"पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "एक चालत आला, एक उचलून आणला. न कळायला मी काय खुळी आहे? तुम्ही दोघं बोलाल म्हणून थांबले. म्हातारी झाले थांबून थांबून. आणि तू गं," माझ्याकडे वळून, "तुला पाण्यात नको म्हणत होते ते समुद्रामुळे नाही. ह्यांच्यामुळे. ह्यांचीच मुलगी तू, तूही कुणाला तरी आणायला जाशील म्हणून."

बाबा रडत होते. मामाला खाली बसता येईना, उभं राहता येईना.

"सार गार होतंय," आई म्हणाली. "बस, रफीऊ."